आत्याबाई आणि तिबेटची यमुना

आमच्या भागात सून सासूला आत्याबाई म्हणते. माझ्या आत्याबाईंचं नाव चांगुणाबाई भिंगारदिवे. नव्वद सालच्या मे महिन्यात मी प्रशांतशी लग्न होऊन बेलापुरात आले, तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि शेती महामंडळाच्या मळ्यावर रोजंदारीनं खुरपायला जायच्या. उंच, काटक, हनुवटीवर गोंदलेले तीन हिरवे ठिपके. चालायच्या अशा, की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. नवरा तरुणपणीच गेला. एकुलत्या मुलाला त्यांनी आयटीआय करवलं, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं, आणि शिकलेलीच सून हवी म्हणून डी.एड. झालेली मी शोधून आणली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यापुढे पाटी ठेवली. म्हणाल्या, "भारती, गावाच्या पोरांला शिकवतीस, मंग मला का न्हाई? सही तरी येऊ दे."

सही आली. मग वाचायलाही येऊ लागलं. त्या वाचायच्या मोठ्यानं, एकेक अक्षर चावून, आणि एखादा शब्द अडला की माझ्याकडे न बघता थांबून राहायच्या. मी सांगितला की पुढे चालू.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात त्यांची एक दाढ लईच ठणकायला लागली. ती काढायला त्या श्रीरामपूरला गेल्या. संध्याकाळी चारच्या सुमाराला मी शाळेतून येऊन भाकरीचं पीठ काढत होते, तर दारात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर आत्याबाई उतरतायत, एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. त्यांच्यामागून एक बाई उतरली. ठेंगणी, लालबुंद गालांची, बारीक डोळ्यांची, दोन जाड वेण्या, अंगात पायघोळ झगा आणि त्यावर पुढे बांधलेला रंगीत पट्ट्यांचा कपडा. तिच्यामागून तसाच एक पुरुष. मग दोघांनी मिळून टेम्पोतून एक पेटी आणि चार गठुडी उतरवली, एकेक गठुडं माझ्या कमरेएवढं.

"आत्याबाई, हे कोण?"

त्यांनी बोटानं तोंडातला कापूस दाखवला. बोलता येत नव्हतं. हातानंच पत्र्याच्या खोलीकडे खूण केली, म्हणजे ती उघड.

घरामागे आमची एक पत्र्याची खोली होती. त्यात सरपण, गोवऱ्या आणि शेळी. अंधार पडायच्या आत आत्याबाईंनी शेळी बाहेर लिंबाखाली बांधली, सरपण भिंतीला रचलं, जमीन झाडली आणि सतरंजी टाकली. ती बाईही गप्प मदत करत होती. गोवऱ्या उचलताना तिच्या हाताला सवय दिसली. मला तेवढ्यावरूनच जरा बरं वाटलं.

प्रशांत कामावरून आले आणि गठुडी बघून दारातच थबकले. तोवर कापूस निघाला होता.

"आई, तू यांना ओळखतेस का?"

"न्हाई."

"मग घरी कशी आणलीस?"

"दोन दिस झाले स्टेशनाम्होरं बसल्यात. खोली कुनी दीना. कुनी म्हनतं चिनी, कुनी म्हनतं नेपाळी, कुनी म्हनतं काय बी खात्यात. स्वेटर इकायला आल्यात बिचारी. मी हातानं इचारलं कुठले, तर ह्या बाईनं पेटी उघडून दाखवली." आत्याबाई थांबल्या. गाल दाबून धरला. "पेटीच्या झाकनाला आतून बुद्ध चिकटवलाय रं."

त्यांच्या दृष्टीनं तिथं विषय संपला होता.

ती बाई म्हणजे यांगझोम. नवऱ्याचं नाव नोरबू. कर्नाटकात हुबळीच्या पलीकडे मुंडगोड म्हणून गाव आहे, तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथले ते दोघं. उन्हाळा-पावसाळा मका करायचा आणि हिवाळ्यात स्वेटर घेऊन गावोगाव जायचं. नगरला त्यांच्यातले बरेच जण आधीच बसलेले, म्हणून ही दोघं गाडीनं पुढं आली. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनला नाव आमच्या गावाचं, बेलापूर. पाटी वाचून ती उतरली होती. यांगझोमला मोडकंतोडकं हिंदी येई. वस्तीतल्या बायकांना तिचं नाव काही जमेना. आमच्या शेजारच्या बनुबाईनं दुसऱ्याच दिवशी ते सोपं करून टाकलं, यमुना. आणि यमुना आत्याबाईंना 'आचा-ला' म्हणायची. त्यांच्या भाषेत थोरली बहीण. आत्याबाईंना बरेच दिवस वाटत होतं की ती आपल्याला अचला म्हणतेय. "तिला माझं नाव येत न्हाई, आन आपुन तरी कुठं तिचं बरूबर घेतो," म्हणून त्या सोडून द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जावं लागलं. त्या लोकांना कुठेही मुक्कामाला गेलं की नोंद करावी लागते. दोघांकडे फोटो लावलेलं एकेक लहान पुस्तक होतं. हवालदार बरा होता, पण त्याला हे काय प्रकरण ते कळेना. मी पुस्तक वाचून त्याला समजावून सांगितलं, की यमुना आठ वर्षांची असताना एकोणसाठ साली भारतात आली, आणि या पुस्तकावर दर वर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. आत्याबाई ऐकत होत्या.

"एकोनसाठ म्हंजी बत्तीस वर्सं झाली की," त्या हवालदाराला म्हणाल्या. "बत्तीस वर्सं पाहुनीच व्हय?"

"मावशी, मी काय करू? नियम आहे. घरमालक कोण?"

"मी." आणि त्यांनी त्याच्या कागदावर पाटीवर गिरवलेली ती सही केली. चांगुणा. पुढचं आडनाव अर्धवट राहिलं, कारण रकाना संपला.

मग यमुना आणि नोरबू रोज सकाळी टेम्पोनं श्रीरामपूरला जायचे, मेन रोडच्या कडेला बांबू रोवून स्वेटर टांगायचे आणि अंधार पडताना परत यायचे. आल्यावर यमुना त्यांचा चहा करायची, लोणी आणि मीठ घातलेला. पहिल्या दिवशी आम्हा दोघींना वाट्या भरून दिला. मी एक घोट घेतला आणि तोंड कसं ठेवावं ते कळेना. आत्याबाईंनी शांतपणे सगळी वाटी संपवली. नंतर स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "च्या म्हनू नको. सार म्हन, मंग गोड लागतंय." मी तसं केलं आणि खरंच प्यायला यायला लागलं.

पण सगळं असं सहज झालं नाही. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे, तेव्हा तो पत्र्याचा होता. दर रविवारी सकाळी वंदना. यमुना पहिल्या रविवारी आत्याबाईंबरोबर आली आणि तिनं मूर्तीसमोर सगळं अंग जमिनीवर झोकून नमस्कार घातला. उठली, पुन्हा झोकलं. असं कितीतरी वेळा. पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग तिनं डालड्याचा दिवा लावला आणि खिडकीच्या गजाला रंगीत कापडाच्या झेंड्यांची माळ बांधली. विहार कमिटीचे प्रमुख काकासाहेब होते. तालमीतलं शरीर, मन सरळ, पण शिस्तीचे कडक. त्यांना हे रुचलं नाही.

"चांगुणाबाई, हे कर्मकांड झालं. बाबासाहेबांनी आपल्याला यातनं बाहेर काढलं. देव नदीत सोडून आलो ते परत झेंडे बांधायला का?"

यमुनाला भाषा कळली नाही, पण रोख कळला. तिनं माळ सोडायला हात वर केला.

आत्याबाईंनी तिचा हात धरला. "काकासायेब, तुमचं खरं हाय. आपला बुद्ध बाबासायेबांनी पुस्तकातनं आनून दिला, त्यो आपुन तसाच ठिवू. तिचा डोंगरातनं चालत आलाय, पाठीवर बसून. तिनं तिकडं काय काय टाकून दिलं आन हेवढंच कसं आनलं, ते इचारलंय का कुनी तिला? आदी इचारू. मंग माळ काढायची का ठिवायची ते तुमी सांगा."

काकासाहेब म्हणाले, "विचारा मग. पुढच्या रविवारी विचारा."

तो रविवार मला अजून स्पष्ट दिसतो. थंडीचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन पत्र्याच्या फटींतून आत आलेलं. चाळीस-पन्नास माणसं बसली होती. यमुना हिंदीत सांगत होती आणि मी तिच्या शेजारी बसून मराठी करत होते.

ती म्हणाली, आमच्या गावात चिनी शिपाई आले. वडलांना घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. आईनं मला आणि धाकट्या भावाला घेऊन डोंगराची वाट धरली. भाऊ चार वर्षांचा. दिवसा खडकांच्या आडोशाला लपायचं आणि अंधारात चालायचं. बर्फात माझे जोडे फाटले, तर आईनं आपल्या झग्याची बाही फाडून माझे पाय बांधले. सरहद्दीच्या अलीकडे भावाला ताप भरला. त्याला घेऊन खिंड चढणं शक्य नव्हतं. एका धनगराच्या तंबूत म्हातारं जोडपं होतं. आईनं भावाला त्यांच्याजवळ ठेवलं, आणि मला इकडे सोडून ती परत त्याला आणायला जाणार होती. इकडे आलो तर सरहद्द बंद झाली. आई पुढची अठरा वर्षं जगली. हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. कुणी नवं माणूस तिकडून आलं की सगळ्यांच्या आधी ती त्याला गाठायची आणि विचारायची, तंबूवाला म्हातारा भेटला का?

एवढं सांगून यमुना थांबली. मी शेवटचं वाक्य मराठीत केलं.

आणि मग आत्याबाई बोलायला लागल्या, बसल्या जागेवरून, समोर जमिनीकडे बघत. त्या बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

"छप्पन सालची गोष्ट. मी बारा वर्साची. आमचं गाव पाथर्डीकडं, नाव घ्येत न्हाई मी त्येचं. माझ्या बाचं नाव भीमा. बुद्ध झाल्यावर बानं मेलेली जनावरं वढायची सोडली. आमच्या चारी घरांनी सोडली. मंग गावानं आमाला सोडलं. काम न्हाई, गिरनीत दळान न्हाई, हिरीवर पानी न्हाई. आय नदीत झिरा उकरून पानी आनायची, त्येच्यात बी कुनीतरी घान टाकली. येक दिस सकाळी बा म्हनला, उठा. आयनं आदल्या दिशीच घर सारवलं हुतं. जमीन वाळली बी नव्हती. ती उंबऱ्यातनं दोनदा माघारी फिरली, का तर म्हनं, ओल्या जमिनीवर पाय उठत्याल, सपाट करून येते. आता कुनासाठी सपाट करायची? पर गेली आन हात फिरवून आली."

प्रशांत माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पोटच्या मुलालाही हे आज पहिल्यांदाच कळतंय.

"तीन दिस चाललो. दुसऱ्या दिशी दुपारी येका मळ्यात हिरीवर येक बाई मोट थांबवून उभी हुती. चांगल्या घरची, हातभर बांगड्या. आमी लांब उभं राह्यलो. तिनं इचारलं, कुठनं आलात? बानं सांगितलं. ती फुडं कायतरी इचारंल म्हनून आमी वाट बघतोय, तर तिनं आपला हंडा उचलला आन माझ्या वंजळीत पानी वतलं. वरून न्हाई, जवळ येऊन वतलं. मंग भाकरी दिली. 'कुठनं' येवढंच इचारलं तिनं. 'कोन' म्हनून न्हाई इचारलं. तिचं नाव बी मला ठावं न्हाई."

आत्याबाईंनी नाक पुसलं आणि यमुनाकडे बघून मला म्हणाल्या, "हिला हिंदीत सांग."

मी सांगितलं. यमुना उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

झेंड्यांच्या माळेचं कुणी नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्यात वाऱ्यानं तिची एक गाठ सुटली होती, ती स्टूल घेऊन काकासाहेबांनीच बांधली.

त्या दिवसापासून आमच्या विहारात एक रीतच पडली. रविवारी वंदना झाली की कुणीतरी आपली गोष्ट सांगायची. कुणी दुष्काळात गाव सोडून आलेलं, कुणाचं गाव धरणात गेलेलं. ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या कोपी टाकून उतरायच्या, त्यांतल्या बायकांनाही आत्याबाई बोलावून आणायच्या. गोष्ट झाली की त्या नेमकं विचारायच्या, "आता तुमाला काय लागतंय?" कुणाला चूल मांडायला जागा, कुणाला पोरं शाळेत घालायची. पोरांचं काम माझ्याकडे यायचं. माझ्या वर्गात त्या वर्षी अकरा मुलं अशी आली, की ज्यांची नावं कुठल्याच पटावर नव्हती.

यमुना आणि नोरबू दर वर्षी नोव्हेंबरात यायचे आणि फेब्रुवारीत त्यांच्या नव्या वर्षाला परत जायचे. आत्याबाई दिवाळी झाली की खोली पांढरी करून ठेवायच्या. शेळीलाही सवय झाली होती, भिंतीला चुना लागला की ती आपणहून लिंबाखाली जाऊन उभी राहायची.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या इथंही पहाटे भांडी हलली होती. महिनाभर वस्तीतल्या बायकांनी भाकरी, चटणी, जुनी लुगडी गोळा करून पाठवली. नोव्हेंबरात यमुना आली, तिनं माझ्याकडून वर्तमानपत्रातले फोटो बघितले. पत्र्याच्या शेडपुढे बसलेली लहान मुलं, अंगात एकेक सदरा.

ती नोरबूशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. नोरबू फारसा बोलायचा नाही, हसला तर डोळे मिटायचे, इतकंच. तो उठला आणि चारातलं एक गठुडं ओढून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. सगळे लहान मुलांचे स्वेटर. त्या हिवाळ्याची त्यांची अर्धी भिस्त त्या गठुड्यावर होती.

"यमुना, अगं हे सगळं?" मी म्हटलं.

ती हिंदी-मराठी मिसळून म्हणाली, "आम्ही कॅम्पमध्ये आलो ना, तेव्हा माझ्या अंगावर कंबल टाकला. किसने टाकला, मालूम नही. कुणीतरी पाठवला होता. तो कंबल माझी आई मरेपर्यंत होता."

गावातले गोरक्षनाथ नावाचे भाजीवाले शेतकरी होते, त्यांचा टेम्पो होता. त्यांनी कानावर आल्याबरोबर सांगितलं की गाडी माझी आणि चालवायलाही मीच. आत्याबाई, यमुना, मी आणि गोरक्षनाथ असे भल्या पहाटे निघालो. नगर, जामखेड करत संध्याकाळी औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या शेडपाशी पोचलो. रात्री तिथल्या मास्तरांकडे राहिलो आणि सकाळी वाटप केलं. यमुनानं एकही स्वेटर नुसता हातात दिला नाही. प्रत्येक मुलाच्या अंगात स्वतः घातला, बाह्या ओढून मापात बसवल्या, बटणं लावली. तिच्या धंद्याची ती सवयच होती.

एक म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "कुठली गं माय तू? तोंडावरून इकडली दिसंनास."

"लांबची, आजी. माझंपण घर गेलं."

"भूकंपात?"

"नाही. दुसरे लोक आले. आम्हाला जावं लागलं."

म्हातारीनं आपल्या पोत्यावर सरकून जागा केली. "बस माय," म्हणाली. यमुना बसली. अर्धा तास दोघी तिथंच होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी दुरून बघितलं तेव्हा म्हातारी तिची वेणी हातात घेऊन तिचा जाडपणा बघत होती.

परत येताना जामखेडच्या अलीकडे आत्याबाई एकदम म्हणाल्या, "भारती, तुला येक सांगायचं राह्यलंय. त्या दिशी, दाढ काढली त्या दिशी, मी ह्यांना पाहून फुडं निघून गेल्ते. म्हनलं, आपल्याला काय करायचंय, तोंड दुखतंय, घरला जाऊ. टेम्पोत जाऊन बसले बी. टेम्पो भरायचा हुता म्हनून थांबला. तो लगेच सुटला असता ना, तर मी आलेच नसते माघारी." यमुना शेजारी गठुड्याच्या रिकाम्या कापडाला टेकून झोपली होती. "हिला सांगू नको," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. पण वर्षभरानं त्यांनीच तिला सांगून टाकलं. असलं काही त्यांच्या पोटात राहत नसे. यमुना हसली आणि म्हणाली, "आचा-ला, माझ्यासमोरून त्या दिवशी पूरा गाव गेला. वापस तूच आली."

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत यमुनानं हट्टच धरला, या वर्षी नवं वर्ष आमच्याकडे करायचं. आत्याबाईंनी तोवर नगरपलीकडची रेल्वे बघितली नव्हती. मी रजा काढली. आम्ही दोघी हुबळीला गाडीनं आणि तिथून बसनं मुंडगोडला गेलो. कॅम्प नंबर चार. मक्याची कापलेली रानं, कौलारू घरं, घरांवर वाऱ्यात फडफडणाऱ्या झेंड्यांच्या माळा. यमुनाच्या घरासमोर तीसेक माणसं उभी होती. प्रत्येकानं पुढे येऊन आत्याबाईंच्या गळ्यात पांढरं रेशमी उपरणं घातलं. शेवटी उपरण्यांतून त्यांचे डोळेच काय ते दिसत होते. त्या मला म्हणाल्या, "मला काय झालंय का काय? येवढं कशापायी?"

घरात मूर्तीची खोली सगळ्यात चांगली. तिथं त्यांचं अंथरूण घातलं होतं. यमुना आणि नोरबू स्वयंपाकघरात झोपले. आत्याबाईंना ते पटेना. यमुना म्हणाली, "तू शेळीला बाहेर काढलंस, मी स्वतःला पण काढू नको?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात म्हातारी माणसं जमली, हातात माळा, फिरकीसारखी फिरणारी प्रार्थनेची चक्रं. त्यांना आत्याबाईंची गोष्ट ऐकायची होती. आत्याबाई मराठीत सांगत होत्या आणि आता यमुना त्यांच्या भाषेत करत होती. माझी गरजच उरली नव्हती. ओल्या सारवलेल्या जमिनीपाशी आल्यावर एका म्हातारीनं डोळ्यांना हात लावला. मळ्यातल्या बाईपर्यंत गोष्ट आली. ती संपल्यावर एका अगदी थकलेल्या म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं.

यमुना म्हणाली, "आजोबा विचारतात, पाणी दिलं त्या बाईचं नाव काय?"

"न्हाई म्हाईत. तवा बी इचारलं न्हाई. आता तर ती असंल का नसंल."

म्हातारा काही बोलला. यमुनानं सांगितलं, "ते म्हणतात, नाव नसलं तरी चालेल. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करतो."

आणि त्या सगळ्यांनी हात जोडले. खालच्या आवाजात, मधमाश्या घोंगावाव्यात तसा एक सूर अंगणभर भरला. पाथर्डी-नेवाशाच्या वाटेवरच्या कुठल्यातरी मळ्यातली, हातभर बांगड्या घातलेली ती बाई, आणि तिच्यासाठी शेकडो मैलांवर बसलेली ही माणसं. मी आत्याबाईंकडे बघितलं. नवरा गेला त्याचं सांगताना, मळ्यावरचे हाल सांगताना, कधीच मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या पदर तोंडावर घेऊन लहान मुलीसारख्या रडल्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही. प्रार्थना चालूच राहिली.

आठ दिवस राहून आम्ही परतलो. पुढे महिनाभर आमच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. बनुबाईनं तर मुंडगोड न बघता पाठ केलं होतं.

आत्याबाई दोन हजार चार साली, एप्रिलच्या शेवटी गेल्या. तीन दिवसांचा ताप, इतकंच. यमुनाचे गुडघे तोवर गेले होते, चार वर्षांत तिनं गाव सोडलं नव्हतं. मी एसटीडीवरून कळवलं. तिची मुलगी डेकी फोनवर होती, तिनं आईला सांगितलं. मग यमुनाच बोलली, "भारती, मी येते."

आणि ती मे महिन्याच्या उन्हात आली, नोरबूच्या खांद्यावर हात ठेवून. या खेपेला बरोबर गठुडी नव्हती. महिनाभर राहिली. स्वेटरवाली यमुनाबाई उन्हाळ्यात आली म्हणून वस्तीतल्या बायका भेटायला यायच्या, पाळीपाळीनं जेवण आणायच्या. काकासाहेबही काठी टेकत येऊन बसायचे. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की ती मला आत्याबाईंच्या गोष्टी सांगायची. कितीतरी मला ठाऊक नव्हत्या. लहानपणी त्यांना पोहायला यायचं, नवऱ्याशी पहिलं भांडण कशावरून झालं, मी सून म्हणून आले तेव्हा माझ्या शिक्षणाची त्यांना कशी भीती वाटायची. एका घरात चौदा वर्षं राहून मला कळलं नव्हतं ते तिला हिवाळ्या-हिवाळ्यातून कळलं होतं.

जूनमध्ये ती परत गेली. त्यानंतर भेट झाली नाही. दोन हजार सातच्या नव्या वर्षाला ती गेल्याचं डेकीनं कळवलं. त्या रविवारी विहारात आम्ही तिच्या नावानं वंदना घेतली. बनुबाई म्हणाली, "नीट नाव घ्या गं, यांगझोम." आणि तिनं ते अगदी बरोबर उच्चारलं.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता श्रीरामपुरातही स्वेटर कुठल्याही दुकानात मिळतात. पण हिवाळ्यात मेन रोडच्या कडेला अजून चार-पाच तिबेटी दुकानं लागतात आणि त्यांतलं एक डेकीचं असतं. ती आमच्याच घरी उतरते. परवा मी तिथून चालले होते, तर एक गिऱ्हाईक बाई स्वेटरची बाही दोन्ही हातांनी ताणून बघत होती. डेकी स्टुलावरून ओरडली, "ओ ताई, लई वढू नका, तुमी घ्यायच्या आदीच म्हातारा व्हईल त्यो!"

बाई दचकली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग मोठ्यानं हसली. "कुठली गं तू?" तिनं विचारलं.

"बेलापूरची," डेकी म्हणाली, आणि तिला लहान मापाचा दुसरा रंग दाखवायला लागली.